लेफ्ट एंड लिंडग्रेन

वॉल्टर लिंडग्रेन हा एके काळचा नावाजलेला फुटबॉलपटू आहे, हे शैलजा चांदोरकरला कळलं ते त्यांच्या कंपाउंडमधल्या बोगनवेलीखाली. आणि कळलं तेही अर्धंच.

दोह्यातला तो मोठा सुखाचा हिवाळा होता. वर्ल्ड कपला अजून नऊ-दहा वर्षं होती, पण शहराच्या अंगात तो आधीच संचारला होता. रस्ता का खणलाय? वर्ल्ड कप. भाजी उशिरा का आली? रस्ता खणलाय. शैलजाचा नवरा श्याम गॅस कंपनीत इंजिनियर, आयुष्यात कधी फुटबॉलला पाय न लावलेला माणूस, तोही जेवताना 'ऑफसाइड'बद्दल बोलू लागला होता.

विमानतळाला लागूनच्या ओल्ड एअरपोर्ट नावाच्या भागात त्यांचं कंपाउंड होतं, त्यात सहा व्हिला होते. शेवटच्या व्हिलात नॅन्सी नावाची अमेरिकन बाई राहायची, विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायची. त्या वर्षी तिनं आपल्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या वडिलांना, वॉल्टरना, इकडे आणलं. आई गेल्यावर आयोवातल्या बर्फात त्यांना एकटं कसं ठेवायचं, म्हणून. म्हातारा उंच, अजूनही ताठ, उजव्या पायानं लंगडणारा. सकाळी नॅन्सी कॉलेजला गेली की तो बोगनवेलीखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला "गुड मॉर्निंग" घालायचा. दूधवाल्याला, मांजरांना, सगळ्यांना.

शैलजाला गप्पा मारायला माणूस लागायचा. फिरून आली की ती पाच मिनिटं तिथे टेकायची आणि अर्ध्या तासानं उठायची. त्याच गप्पांत एकदा तिनं वर्ल्ड कपचा विषय काढला. म्हातारा हसला.

"मीही कॉलेजात फुटबॉल खेळलोय," तो म्हणाला. "महायुद्धावरून परत आल्यावर. लेफ्ट एंड. माझं काम अगदी सोपं होतं. पळायचं, वळायचं, आणि बॉल..."

नेमकं तेव्हा डोक्यावरून विमान गेलं. ओल्ड एअरपोर्टमधली माणसं विमान आलं की वाक्य तोंडात धरून ठेवतात. वॉल्टरना ती सवय अजून लागली नव्हती. ते बोलत राहिले, हात हलवत राहिले, आणि आवाज ओसरला तेव्हा शैलजाच्या कानावर पडलं ते एवढंच, "...आणि स्टेडियममध्ये तीस हजार माणसं उभी!"

तीस हजार! शैलजाच्या डोक्यात लगेच चक्र फिरलं. ती मराठी मंडळाची सेक्रेटरी होती. फेब्रुवारीत कतारमध्ये क्रीडा दिनाची सुट्टी असते आणि मंडळ एका शाळेचं मैदान घेऊन मुलांचे खेळ घेतं. यंदा प्रमुख पाहुणा कोण, यावर अध्यक्ष संजीव पोंक्षे महिनाभर डोकं खाजवत होते.

"फुटबॉलपटू? तुमच्या कंपाउंडमध्ये?" संजीव फोनवर जवळजवळ ओरडलेच. "शैलजाताई, अहो, कमाल केलीत! वर्ल्ड कपच्या देशात वर्ल्ड क्लास पाहुणा!"

"वर्ल्ड क्लास असं नाही, कॉलेजात..."

"तीस हजार म्हणालात ना? खलास. ठरलं."

बॅनरचं काम मुनाफ परकारकडे गेलं. मुनाफ रत्नागिरीचा. दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मद या गावात त्याचं बोर्ड रंगवण्या-छापण्याचं दुकान होतं. दर शुक्रवारी तो कोकणातल्या पोरांच्या टीमचा गोलकीपर असायचा, त्यामुळे फुटबॉलच्या बाबतीत मंडळात त्याचा शब्द अखेरचा.

"लेफ्ट एंड म्हणजे काय रे मुनाफ?"

"लेफ्ट विंगर असणार, वहिनी. पूर्वीची माणसं तसंच म्हणत असतील."

झालं. वॉल्टरचा फोटो, शेजारी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा भलामोठा गोल चेंडू, आणि खाली 'गोलांचा बादशहा'. हे संजीवांच्या डोक्यातून आलेलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी बॅनर घरी आला. शैलजानं तो हॉलमध्ये पसरला. मुलगी गार्गी शाळेतून आली, दप्तर खाली टाकलं आणि बॅनरकडे पाहत राहिली.

"आई, ही इज अमेरिकन."

"मग?"

"मग अमेरिकन फुटबॉल! इट्स अ डिफरंट गेम, आई. बॉल अंडाकृती असतो. दे यूज देअर हँड्स!"

"हातानं? फुटबॉल?"

गार्गीनं तिला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. शिरस्त्राणं घातलेली आडदांड माणसं एकमेकांवर आदळत होती आणि त्यांतला एक जण बॉल बगलेत मारून पोलीस मागे लागल्यासारखा पळत होता. शैलजानं बॅनरवरच्या गोल चेंडूकडे पाहिलं. गोल नाही, गोलकीपर नाही, विंगर नाही. आणि उद्या सकाळी दीडशे मुलं आपापल्या लाडक्या संघाचे टी-शर्ट घालून गोलांच्या बादशहाला बघायला येणार होती.

"आता?" गार्गीनं विचारलं.

"आता काय, जाऊन सांगते त्यांना. काहीतरी कारण काढते."

ती तशीच चपला अडकवून शेवटच्या व्हिलात गेली. वॉल्टरनी दार उघडलं. अंगावर इस्त्रीचं निळं जॅकेट होतं. उद्याची रंगीत तालीम, ते म्हणाले. आणि हातात तो होता. तपकिरी, चामड्याचा, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू.

"नॅन्सीनं कुठून तरी शोधून आणला," ते म्हणाले. "ये, बस. उद्या मुलांना काय सांगू ते तुला आधी सांगतो. कंटाळवाणं असेल तर तोंडावर सांग."

शैलजा कारण काढायला आली होती. ती बसली, आणि कारण राहूनच गेलं.

वॉल्टर दुधाच्या धंद्यातल्या घरातला मुलगा. शाळेआधी आणि शाळेनंतर गायींच्या धारा. "पंजे बघ," असं म्हणून त्यांनी हात पुढे केले. सुपासारखे हात. अठराव्या वर्षी नौदलात गेले. लढाऊ जहाज नव्हे, रसद नेणारं. डेकवर माणसांची साखळी करून पोती आणि खोकी एकाकडून दुसऱ्याकडे फेकायची. खाली जहाज डोलतंय, वरून बटाट्याचं पोतं येतंय, आणि पडलं तर वरिष्ठाच्या शिव्या. "ते करून आलेल्या माणसाला," ते म्हणाले, "न हलणाऱ्या जमिनीवर एवढासा चेंडू झेलायला सांगणं म्हणजे सुट्टीच."

युद्ध संपलं. परत आलेल्या सैनिकांना सरकारनं कॉलेजात घातलं. वर्गात एका बाकावर अठरा वर्षांचं पोर, शेजारी युद्ध पाहिलेला, बायकामुलं असलेला गडी. कॉलेज एवढंसं, पण त्याच्या टीममध्ये एडी नावाचा एक पठ्ठ्या होता. बॉल फेकायचं काम त्याचं, आणि पळत जाऊन झेलायचं लेफ्ट एंडचं, म्हणजे वॉल्टरचं. युद्धात त्याच्या पायात तोफगोळ्याचा तुकडा राहिला होता, त्यामुळे त्याला पळता यायचं नाही. समोरची माणसं अंगावर यायच्या आत बॉल हातातून सोडायलाच हवा.

"म्हणून तो माझ्याकडे बॉल फेकायचाच नाही," वॉल्टर म्हणाले. "मी जिथे पोचणार असेन तिथे फेकायचा. मी अजून पाठमोरा पळतोय, बॉल हवेत निघालाय. मला फक्त वेळेवर वळायचं. समोरच्याला वाटलं पाहिजे मी डावीकडे चाललोय, अगदी त्याची खात्री पटली पाहिजे, आणि मग उजवीकडे."

"हूल द्यायची," शैलजाच्या तोंडून मराठीतच निघून गेलं.

"काय?"

"आमच्या खो-खोत असतं. मी नाशिककडून राज्य स्पर्धा खेळलेय. मागे लागलेल्याला खांदा एकीकडे दाखवायचा आणि जायचं दुसरीकडे."

म्हाताऱ्याचे डोळे चमकले. "पायानं की खांद्यानं?"

"आधी नजरेनं. मग खांद्यानं. पाय शेवटी."

"बरोबर!" त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "पोरांना हेच कळत नाही. पाय शेवटी!"

मग त्यांनी तो सामना सांगितला. तिसरं वर्ष, प्रतिस्पर्धी एक बलाढ्य विद्यापीठ, नोव्हेंबरचा चिखल, तीस हजार प्रेक्षक. त्या वर्षी वॉल्टरइतके चेंडू त्या भागात कोणीच झेलले नव्हते, म्हणून त्यांच्यावर दोघं पहारेकरी. दुपारीच करंगळी निखळलेली. ती शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधून खेळत होते. शेवटची काही मिनिटं उरली आणि एडीनं नुसती भुवई उडवली. वॉल्टर सरळ पळाले, डावीकडे खांदा दाखवला, एका पहारेकऱ्याचा पाय चिखलात घसरला, दुसरा पहिल्यावर आपटला. "मी वळलो तर बॉल तोंडासमोर. नाही झेलला तर नाक गेलं असतं. नाक वाचवायला झेलला म्हण ना."

सामना जिंकला. पेपरांत फोटो आले. एका मोठ्या शहराच्या व्यावसायिक संघानं बोलावणं धाडलं. वॉल्टर गेले. सराव शिबिराच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्याच संघातला एक धिप्पाड गडी त्यांच्या गुडघ्यावर पडला. त्या काळी त्यावर इलाज नव्हता. प्लॅस्टर घालून त्यांना घरच्या गाडीत बसवून दिलं. खेळ संपला.

वर विमान गेलं. या वेळी दोघंही थांबले.

"खूप वाईट वाटलं असेल," शैलजा म्हणाली.

"एक वर्षभर खूप. मग गणिताचा मास्तर झालो. चाळीस पोरांसमोर उभं राहिलं की गुडघा आठवत नाही, पोरं आठवतात." त्यांनी चेंडू या हातातून त्या हातात घेतला. "उद्या मुलं येतील ना? त्यांना झेल शिकवायचा आहे मला."

शैलजा म्हणाली, "येतील. सगळी येतील."

घरी येऊन तिनं मुनाफला फोन लावला. सगळं ऐकून तो इतका हसला की त्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक काय झालं म्हणून विचारू लागलं.

"संजीवजींना सांगितलंत?"

"नाही. ते कार्यक्रम रद्द करतील."

"मग आताच सांगू नका. आणि बॅनरचं काय टेन्शन घेऊ नका, मी बघतो."

सकाळी मैदानावर बॅनर लागला तेव्हा मुनाफनं गोल चेंडूवर तपकिरी लांबट स्टिकर चिकटवला होता. 'बादशहा' राहिला होता, 'गोलांचा' झाकलं गेलं होतं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, प्रमुख पाहुणे नारळाचे व्यापारी आहेत.

"हे काय आहे?" संजीवांनी विचारलं.

"डिझाइन आहे," मुनाफ म्हणाला.

आणखी काही विचारायच्या आत पाहुणे आले. संजीवांनी माइक घेतला आणि पायाची जादू, गोलांचा पाऊस असं काय काय सांगून टाळ्या घेतल्या. शैलजा शेजारी उभी, दुभाषी म्हणून.  मग संजीवांनी ठिपक्यांचा गोल चेंडू वॉल्टरच्या पायाशी ठेवला आणि पहिली किक मारून उद्घाटन करण्याची विनंती केली.

वॉल्टरनी चेंडूकडे पाहिलं. मग वाकले आणि सरळ दोन्ही हातांनी उचलला.

"हँडबॉल!" पुढच्या रांगेतून दहा आवाज आले. सगळं मैदान हसायला लागलं. वॉल्टरही हसले, पण काय झालं ते न कळलेल्या माणसासारखे. शैलजाला ते हसू बघवेना. तिनं संजीवांच्या हातातला माइक काढून घेतला.

"थांबा, थांबा," ती म्हणाली. "चूक माझी आहे. वॉल्टरआजोबा फुटबॉलच खेळले, पण त्यांच्या देशातला. त्यात बॉल हातात असतो. मला कालपर्यंत माहीत नव्हतं. पण काल मी त्यांची गोष्ट ऐकली, आणि ती ऐकल्यावर त्यांना 'येऊ नका' म्हणणं मला काही जमलं नाही. तुम्ही पण ऐका, आणि मग ठरवा."

हेच तिनं वॉल्टरना इंग्रजीत सांगितलं. ते असे खदखदून हसले की जॅकेटचं बटण ताणलं. "म्हणजे एवढे दिवस तुला वाटत होतं की मी पायानं..." त्यांना वाक्य पुरं करता येईना.

मग त्यांनी गोष्ट सांगितली. बटाट्याचं पोतं, एडीचा पाय, चिखल, करंगळी. शैलजा मराठीत सांगत गेली आणि सांगता सांगता स्वतःच रंगली. पहारेकरी एकमेकांवर आपटले तिथे तर तिनं दोघांचे आवाजही काढले. गुडघ्याची गोष्ट आली तेव्हा मागची मुलंही पुढे सरकली. कडेला नॅन्सी उभी होती, हात छातीशी घट्ट धरून.

"आता पळणार कोण?" वॉल्टरनी तपकिरी चेंडू वर धरला.

मुलं एकमेकांना ढकलू लागली. पुढे कोणी येईना. संजीव घड्याळ बघू लागले. तेव्हा शैलजानं ओढणी कमरेला बांधली, माइक गार्गीकडे दिला आणि म्हणाली, "मी पळते."

"आई, नो!" गार्गी म्हणाली.

फेकायला मुनाफ आला. गोलकीपरच्या हातात जोर होता. पाठलागाला त्यानं आपल्या टीममधला दिलावर दिला, ताडमाड तरणाबांड गडी. वॉल्टरनी शैलजाला जवळ बोलावून हातांची ठेवण दाखवली. वरून आलेल्या बॉलला अंगठे जवळ, खालून आलेल्याला करंगळ्या. "आणि हातात येईपर्यंत नजर काढू नकोस. अगदी हातात येईपर्यंत."

पहिल्या वेळी बॉल तिच्या खांद्यावर आपटून गेला. दुसऱ्या वेळी बोटांना लागून निसटला, आणि मागून श्यामचा आवाज आला, "अगं, पाठ सांभाळ!" तिसऱ्या वेळी ती निघाली तेव्हा तिला मैदान दिसेनासं झालं. मागे दिलावरच्या बुटांचा आवाज, आणि अंगात वीस वर्षं निजून राहिलेलं काहीतरी उठून बसलेलं. तिनं डावीकडे पाहिलं. खांदा डावीकडे टाकला. दिलावर बिचारा डावीकडे गेला तो थेट केळ्यांच्या टेबलापर्यंत. शैलजा उजवीकडे वळली, मान फिरवली, बॉल समोर! तिनं दोन्ही हात पुढे केले, पाय अडकला आणि ती वाळूत लोळली. कोपर खरचटलं. केसांत वाळू. बॉल पोटाशी.

काही क्षण कोणालाच कळलं नाही की ओरडायचं का. मग वॉल्टरच ओरडले, दोन्ही हात आकाशात सरळ वर करून, आणि त्यांच्यामागोमाग सगळं मैदान.

त्यानंतर मुलांची रांग आवरेना. लिंबू-चमचा राहूनच गेला. शेवटी संजीवही टाय सोडून उभे राहिले, बॉल त्यांच्या पोटावर आदळला, आणि "हा झेलच धरायचा," असा वाद त्यांनी पाच मिनिटं घातला.

सगळं आटोपल्यावर नॅन्सी शैलजाजवळ आली. तिचे डोळे लाल होते. "मला एवढंच माहीत होतं की डॅड कॉलेजात खेळायचे," ती म्हणाली. "करंगळी, एडी, ते बोलावणं, यातलं काहीच नाही. मी विचारलं आत्ता, का नाही सांगितलं. म्हणाले, आई त्या गुडघ्याच्या नावानं रडायची, म्हणून घरात विषयच काढला नाही. मग सवयच गेली."

 शैलजानं तिचा हात धरला.

पुढच्या शुक्रवारी सकाळी कंपाउंडमागच्या मोकळ्या जागेत शैलजा, गार्गी आणि तिच्या दोन मैत्रिणी जमल्या. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मुनाफची बायको तय्यबा आली. "नवरा गोलकीपर आहे म्हणून मी काय नुसती डबेच भरायचे?" असं म्हणत तिनं बूट घट्ट केले. होता होता दहा-बारा जणी झाल्या. वॉल्टर खुर्चीत बसून सूचना द्यायचे, "नजर! खांदा! पाय शेवटी!" तय्यबा त्यावर "जी मास्तर" म्हणायची, आणि तो शब्द त्यांना इतका आवडला की आपल्याला मास्तर म्हण, असं ते नॅन्सीलाही सांगू लागले. संजीवांनी पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात 'महिला अमेरिकन फुटबॉल' असा विषय घातला आणि कल्पना आपलीच असल्याचं सगळ्यांना सांगितलं. शैलजानं सांगू दिलं.

मार्चमध्ये ऊन चढायला लागलं. अशाच एका सकाळी गार्गीनं जोरात फेकलेला बॉल तय्यबाच्या डोक्यावरून सटकला आणि थेट वॉल्टरच्या तोंडाच्या दिशेनं निघाला. शैलजा किंचाळली. नॅन्सी धावली. म्हातारा खुर्चीतून हलला नाही. त्यानं नजर काढली नाही, दोन्ही हात वर नेले, अंगठे जवळ, आणि थप्प असा आवाज झाला.

 वॉल्टरनी हातातल्या बॉलकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कोणी तरी तिथे आणून ठेवला होता. मग त्यांनी तो गार्गीकडे परत फेकला, गोळीसारखा सरळ, आणि शैलजाला हाक मारली.

"शैलजा, ही खुर्ची दहा पावलं मागे घे. इथून फारच सोपं आहे."